ह्यू ग्लासची गोष्ट : दंतकथा की आख्यायिका?

वाचनवेडी : अस्वलानं फाडलेला, साथीदारांनी मरायला सोडून दिलेला आणि तरी जिवंत परतलेला अमेरिकन ट्रॅपर (फरसाठी सापळे लावून प्राणी धरणारा) ह्यू ग्लास. त्याच्यावर लिहिताना मी ‘दंतकथा’ म्हटलं. मैत्रीण म्हणते, माणूस खरा होता, मग दंतकथा कशी? काय वापरू?

रानवाटा : ‘आख्यायिका’ वापरा. खऱ्या माणसाभोवती पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे आख्यायिका. दंतकथा म्हटलं की वाचक सगळंच खोटं धरून चालतो.

जुनीवही : अर्धवट सहमत. इथं एकच शब्द पुरणार नाही, कारण गोष्टीचे थर वेगवेगळे आहेत. ग्लास होता, हे नक्की. जून १८२३ मध्ये मिसुरी नदीवर अरिकारा या मूळनिवासी जमातीशी झालेल्या लढाईत गार्डनर नावाचा तरुण मारला गेला, त्याच्या घरच्यांना ग्लासनं लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. पण ते अस्वलाच्या आधीचं! अस्वलाबद्दल त्याच्या हातची एक ओळही नाही. तो भाग ‘ऐकीव’. मात्र ऐकीव म्हणजे खोटं नव्हे. घटना १८२३ च्या उन्हाळ्याअखेरची, आजच्या साउथ डकोटातल्या ग्रँड नदीजवळची, आणि १८२५ साली ती फिलाडेल्फियाच्या मासिकात छापूनही आली. इतक्या लवकर छापलेल्या हकिकतीला मी दंतकथा म्हणणार नाही.

जखमी ग्लासजवळ थांबलेल्या आणि मग त्याला सोडून गेलेल्या दोघांपैकी एक फिट्झजेराल्ड, हे नक्की. दुसरा कोवळा पोरगा म्हणजे पुढे नावारूपाला आलेला जिम ब्रिजर, ही ओळख मात्र नंतर पक्की होत गेली. तिथं ‘वदंता’ किंवा ‘म्हणतात’ बरं.

वाचनवेडी : आणि ‘द रेव्हेनंट’ चित्रपटात ग्लास मुलाच्या खुनाचा सूड घेतो, ते?

जुनीवही : ती दंतकथासुद्धा नाही, ती पटकथा! दंतकथा व्हायला गोष्ट आधी लोकांच्या तोंडी असावी लागते. ग्लासला असा मुलगा होता याला पुरावा नाही, आणि जुन्या हकिकतींत सूडही नाही. त्यांत तो आधी सरपटत, मग चालत, सुमारे २०० मैलांवरचं फोर्ट कायोवा हे फर-व्यापाराचं ठाणं गाठतो. पुढे पोरग्याला माफ करतो. फिट्झजेराल्ड तोवर सैन्यात भरती झालेला, त्यामुळे त्याला हात लावता येत नाही. त्यानं नेलेली ग्लासची बंदूक तेवढी परत मिळते. मला तर हाच शेवट जास्त खरा वाटतो. १८३३ च्या हिवाळ्यात यलोस्टोन नदीवर अरिकारांनी ग्लासला मारलं.

भटक्या : थोडं अवांतर. ‘ट्रॅपर’ला फासेपारधी चालेल?

रानवाटा : नको. ते आपल्याकडच्या एका समाजाचं नाव आहे. शिवाय हे लोक फासे लावत नव्हते. बीव्हर या फरवाल्या पाणप्राण्यासाठी लोखंडी सापळा उथळ पाण्यात ठेवून वर त्याच प्राण्याच्या ग्रंथीचा वास लावलेली काडी खोचायचे. ‘सापळेवाला’ लिहा, नाहीतर सरळ ट्रॅपर.