बाबा आयुष्यभर बारीक, तरी शुगर. आणि औषध म्हणे चरबीच्या पेशी वाढवणारं?

चरईची_लेक

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय.

बाबा 68 वर्षांचे. ठाण्यात चरईला राहतो आम्ही. हातपाय काडीसारखे, वजन 58 च्या वर कधी गेलं नाही, पोट तेवढं थोडं पुढे. रोज पहाटे तलावपाळीला चार फेऱ्या, गोड फक्त सणावाराला. तरी बारा वर्षं मधुमेह आहे. मार्चमध्ये तीन महिन्यांची साखर 8.6 आली, तेव्हा डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला पायोग्लिटाझोन 15 सुरू केलं. परवा रिपोर्ट 7.3 आला. सगळे खूश. पण वजन 61 झालंय.

त्यात आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलं की हे औषध शरीरात चरबीच्या नव्या पेशी तयार करतं. बाबांनी दोन दिवस गोळीच घेतली नाही. म्हणतात, "साखर उतरवायला चरबी चढवायची, हे कुठलं शास्त्र?" मला उत्तर देता आलं नाही. दवाखान्यात इतकी गर्दी असते की असलं काही विचारायला संकोच वाटतो.

हे खरं आहे का? खरं असेल तर साखर कमी कशी झाली? आणि मी तर ऐकलं होतं की मोठेपणी चरबीच्या पेशींची संख्या बदलत नाही.

घोडबंदर_केमिस्ट

ताई, आधी एक. गोळी मनाने बंद करू नका. या औषधावर आपल्याकडे जून 2013 मध्ये बंदी आली होती, मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका होती म्हणून. पुढच्याच महिन्यात ती उठली आणि पाकिटावर इशारा छापायचं ठरलं. म्हणजे औषध चालू आहे, पण नजर ठेवून द्यायचं. पाय सुजणं, धाप लागणं, लघवीतून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हृदय कमजोर असेल तर हे देत नाहीत, तेव्हा बाबांचा तसा काही इतिहास असेल तर तोही सांगा. वाढलेल्या तीन किलोंत थोडं पाणीही असू शकतं. पेशींचं काय ते इथले जाणकार सांगतील.

खारघरची_पेशीवाली

तुमच्या बाबांचा प्रश्न हाच माझा चौदा वर्षांचा उद्योग आहे, म्हणून लांब लिहिते. चरबीची पेशी चरबीची कशी होते, कुठलं जनुक कधी चालू होतं, हे मी बघते.

आत्याबाईंनी पाठवलेलं खरं आहे. पण त्यात घाबरण्यासारखं नाही, आणि का नाही ते बाबांना नक्की पटेल.

मी ज्या पेशी वाढवते त्यांना थ्री-टी-थ्री एल-वन म्हणतात. उंदराच्या गर्भातून निघालेला हा वाण हॉवर्ड ग्रीन यांनी 1970 च्या दशकात वेगळा काढला. सुरुवातीला या पेशी लांबट, टोकदार असतात, आत चरबीचा मागमूस नसतो. ज्या काचेच्या बशीत त्या वाढवतो ती भरली, एकमेकींना टेकल्या की वाढ थांबवतात. आणखी दोन दिवस तशाच ठेवायच्या, मग इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स अशी पेशीला इशारा देणारी तिन्ही रसायनं एकत्र द्यायची. 48 तासांनी ते काढून नुसतं इन्सुलिन. चौथ्या-पाचव्या दिवशी बारीक चमकदार थेंब दिसू लागतात. आठवड्याभरात पेशी गोल होते, आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे थेंब दाटतात. ऑइल रेड ओ हा चरबीला चिकटणारा रंग घातला की बशी कुंकवासारखी लाल होते, सूक्ष्मदर्शकही लागत नाही. मला अजूनही तो दिवस आवडतो.

पहिल्या वर्षी मात्र चार महिने माझ्या एकाही बशीत थेंब भरला नाही. दर दोन दिवसांनी पेशींचं खाद्य बदलावं लागतं, त्यामुळे तेव्हा रविवारीही ठाण्याहून लोकलने यायचे, पाडव्यालाही आले होते. औषधं बदलली, सीरम बदललं. शेवटी कारण सापडलं: एकदा बशी गच्च भरू दिली होती आणि पुढे त्याच पेशी वाढवत राहिले. अशा बशीतून पुढे जाणाऱ्या पेशी चरबी व्हायची क्षमता गमावत जातात. दिसायला त्याच पेशी, पण इशारा देऊनही हलत नव्हत्या. जनुक असणं वेगळं आणि ते चालू होणं वेगळं, हे मी त्या चार महिन्यांत शिकले.

आता ते चालू कसं होतं? तिन्ही रसायनं मिळाल्यावर काही तासांत सी-ईबीपी बीटा आणि डेल्टा ही नियामक, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारी, प्रथिनं येतात. ती पुढच्या दोघांना उठवतात: पीपीएआर-गॅमा आणि सी-ईबीपी अल्फा. हे दोघं मग एकमेकांना जागं ठेवतात, म्हणूनच बाहेरचा इशारा काढून घेतला तरी पेशी मागे फिरत नाही. त्यातही मुख्य पीपीएआर-गॅमा. 1994 मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या बोस्टनमधल्या प्रयोगशाळेत पीटर टोंटोनोझ आणि सहकाऱ्यांनी हे एकच प्रथिन फायब्रोब्लास्ट नावाच्या, चरबी नसलेल्या साध्या पेशींत घातलं आणि त्या चरबीच्या झाल्या. 2008 मध्ये हे प्रथिन डीएनएवर कुठे कुठे बसतं त्याचा नकाशा निघाला, तर हजारो जागा सापडल्या. चरबी आत घेणारी, साठवणारी, साखर ओढणारी जनुकं, बहुतेकांच्या आसपास हे हजर.

पायोग्लिटाझोनच्या कुळातली औषधं जपानमध्ये 1980 च्या दशकातच तयार झाली होती. साखर उतरते हे दिसत होतं, पण ती शरीरात नेमकी कुठे जाऊन बसतात ते कळलं 1995 मध्ये. याच पीपीएआर-गॅमावर. बाबांची गोळी त्याच खटक्यावर बोट ठेवते.

मग साखर का उतरते? कारण जेवणातली चरबी कुठेतरी जाणारच. कातडीखालच्या चरबीत जागा असली तर ती तिथे मुकाट बसते. तिथली जागा संपली की यकृतात, स्नायूंत शिरते, आणि तिथे ती इन्सुलिनचं काम बिघडवते. गोळी कातडीखालची ती जागा वाढवते. याचा सगळ्यात बोलका पुरावा 1998 चा. सी-ईबीपीसारख्या प्रथिनांना अडवून चरबीच जवळजवळ नसलेले उंदीर तयार केले गेले. ते सडपातळ, निरोगी व्हायला हवे होते ना? यकृत चरबीने सुजलेलं आणि जबर मधुमेह! पुढे 2000 मध्ये त्यांच्या कातडीखाली दुसऱ्या उंदरांची चरबी बसवली, तर मधुमेह हटला. चरबी घालून! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून मैत्रिणीला फोन केला होता.

माणसांतही दिसतं. पीपीएआर-गॅमाच्या जनुकात बिघाड असलेल्या काही कुटुंबांत हातापायांवर चरबीच धरत नाही आणि मधुमेह लवकर गाठतो.

आणि बाबा बारीक असूनही शुगर का, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घातलंय. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट, हे तुम्ही बाबांचं जे वर्णन केलंत, तेच ते.

संख्येबद्दल तुम्ही ऐकलंय तेही बरोबर आहे. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे पसरलेल्या कार्बन-14 वरून 2008 मध्ये पेशींचं वय मोजलं गेलं. मोठेपणी एकूण संख्या साधारण तेवढीच राहते, पण दरवर्षी दहाएक टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. म्हणजे नव्या पेशी तर आपल्यात रोज बनतायत. औषध त्या कामाला जोर देतं, असलेल्या पेशींनाही चरबी धरून ठेवायला लावतं. माणसात यातला कुठला वाटा किती, यावर आमच्यात अजून वाद आहेत.

वाशीचा_एमएस्सी

मॅडम, मग लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, करून शुगर कमी होईल असं जाहिरातींत म्हणतात ते?

खारघरची_पेशीवाली

नाही रे. 2004 मध्ये 15 लठ्ठ बायकांची कातडीखालची चरबी अशी काढली, प्रत्येकीची नऊ-दहा किलो. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद होता तिथेच. भरलेलं कोठार काढून नेलं, यकृतातली चरबी तशीच राहिली.

चरईची_लेक

काल रात्री बाबांना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बिनचरबीच्या उंदरांचं दोनदा वाचायला लावलं. सकाळी गोळी घेतली त्यांनी. केमिस्टदादा, तुमच्यामुळे नीट पाहिलं, तर संध्याकाळी घोट्याशी मोज्याचा वळ उमटतो. उद्याच डॉक्टरांना दाखवतेय.

अजून एक. माझी मुलगी सतरा वर्षांची, तीही अशीच बारीक. जन्मली तेव्हा 2.4 किलो होती. तिचं काय?

खारघरची_पेशीवाली

वळाचं लगेच सांगताय ते फार बरं केलंत.

मुलीचं वजन बघत बसू नका, टेप घ्या. आपल्याकडे बायकांत कंबर 80 सेंटीमीटरच्या आत असावी असं धरतात. याज्ञिकांच्या अभ्यासातली पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधली 3.5 ची. तरी पाठीवरची चरबी जवळपास सारखी. कमी भरले ते स्नायू. म्हणून तिला "अंग धरू दे" म्हणून तूप-साखर चारण्यापेक्षा दंडात, मांडीत ताकद येईल असा व्यायाम लावा, जेवणात डाळ, अंडी, दही असू दे. वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासून घ्या. आणि बाबांच्या यकृताची सोनोग्राफी झाली असेल तर त्यात चरबीबद्दल काय लिहिलंय, ते मला इथे कळवाल का?