टेबलावर कासावीस झालेला तो मीच होतो का?

प्रश्न

एंडोस्कोपीच्या आधी मला मिडाझोलामचं, म्हणजे गुंगी आणणारं आणि त्या वेळच्या आठवणी बनू न देणारं, इंजेक्शन दिलं. माझ्या लेखी सुई टोचली आणि लगेच शेजारच्या खोलीत जाग आली. नर्स मात्र म्हणाली, "नळी आत जाताना तुम्ही फार कासावीस झालात, माझं मनगट सोडतच नव्हतात." मनगटावर माझ्या बोटांचे वळ दिसत होते. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आता तीच तपासणी पुन्हा करायची आहे आणि मला भीती वाटते. तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट म्हणतात, 'तो मीच का' याला महत्त्व नाही. आठवणी, स्वभाव, इरादे यांचं सातत्य टिकलं की झालं. पण ती मिनिटं तर माझ्यापर्यंत आलीच नाहीत! मग मी घाबरतो का? 'तो मीच' हेच महत्त्वाचं, असं नाही का ठरत?

उत्तर १

नाही ठरत. टेबलावरच्या माणसाला त्या दिवशीची सकाळ आठवत होती, तपासणी कशाची तेही ठाऊक होतं. तुमच्यापासून त्याच्यापर्यंतचा धागा शाबूत होता. तुटला तो त्याच्यापासून पुढे, जाग आलेल्या तुमच्यापर्यंत येताना. म्हणजे आधीची भीती पार्फिट यांच्या हिशेबातही रास्तच. त्यांचं १९७१च्या लेखातलं उदाहरण घ्या. तुमच्या मेंदूचे दोन अर्धे दोन शरीरांत बसवले. दोघेही शुद्धीवर आले, दोघांनाही तुमचं बालपण आठवतंय. दोघे मिळून एक माणूस होत नाही, आणि त्यातल्या एकालाच 'तुम्ही' म्हणायला आधार नाही. म्हणजे 'तुम्ही' उरला नाहीत. पण याला मरण म्हणाल? एकच अर्धा जगला असता तर 'वाचले' म्हटलं असतं. दुसराही जगला, यात गमावलं काय?

उत्तर २

तत्त्वज्ञ बर्नर्ड विल्यम्स यांचं १९७०चं उदाहरण. उद्या तुमचा छळ होणार आहे, पण त्याआधी सगळ्या आठवणी आणि स्वभाव पुसून टाकणार. हायसं वाटतं? मला तर एकाऐवजी दोन संकटं दिसतात. सातत्य शून्य, भीती जागच्या जागी.

प्रश्नकर्ता

विल्यम्स यांची भीती मला शब्दशः कळते. तरी उत्तर १ मुळे मला नेमकं काय सलतंय ते दिसलं. टेबलावरच्या त्या माणसाला कुणी "थोड्या वेळात सुटाल" म्हणालं असेल, तर ती सुटका मला मिळाली. त्याला नाही. 'दोघे एकच' म्हटल्याने त्याच्या पदरात काही पडत नाही. म्हणजे माझं मत आता सातत्याकडेच झुकतंय. घशात फक्त बधिर करणारा स्प्रे मारून तपासणी होते का, असं डॉक्टरांना विचारलं. होते म्हणाले, त्रास जास्त होईल. तशीच करून घेणार आहे.