श्रद्धा न सोडता आपल्याच पंथाचा खरा इतिहास लिहिता येतो का? मॉर्मन लेखकांविषयी एक प्रश्न

प्रश्न – धरमपेठकर

नमस्कार. नागपुरातील आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात टिपण वाचण्याची पाळी माझी आहे आणि विषय म्हणून मी मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती परंपरेतील पंथातील लेखन निवडले आहे. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा पंथाचा धर्मग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच वर्षी चर्च स्थापन झाले, १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांचा जीव घेतला आणि १८४७ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी ब्रिगहॅम यंग अनुयायांसह आजच्या युटा राज्यातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले, इथपर्यंतचा धागा मला लागला आहे. फॉन ब्रोडी यांनी १९४५ मध्ये जोसेफ स्मिथ यांचे चिकित्सक चरित्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांना चर्चमधून काढण्यात आले, हेही वाचले. त्यामुळे प्रश्न पडतो की, तिथे लिहिणाऱ्याला शेवटी एक तर पंथ सोडावा लागतो किंवा लेखणी, असेच आहे का?

उत्तर १ – जुना ग्रंथपाल

ब्रोडी यांच्या शेजारी जुआनिटा ब्रुक्स यांना ठेवल्याशिवाय आपले टिपण पूर्ण होणार नाही, असे मला मनापासून वाटते. त्या युटातील सेंट जॉर्ज येथे राहत, चर्चच्या कामात मनापासून सहभागी असत. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटातील माउंटन मेडोज येथे कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या तांड्यातील सुमारे १२० माणसांना, त्यांत बायका आणि मुलेही होती, स्थानिक मॉर्मन शिपायांनी ठार मारले. या घटनेविषयी गावात कोणी बोलत नसे. ब्रुक्स तरुणपणी शिक्षिका असताना नेफाय जॉन्सन नावाच्या वृद्धाने त्यांना बोलावून, आपण पाहिलेले मरण्यापूर्वी लिहून घ्यावे, अशी विनंती केली. त्यांना जायला उशीर झाला. त्या पोहोचल्या तेव्हा म्हातारा अंथरुणात बरळत होता, मधूनच ‘रक्त, रक्त’ असे ओरडत होता, आणि सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही उरले नव्हते.

पुढे घरसंसार सांभाळून ब्रुक्स यांनी या हत्याकांडाविषयी लिहिले. दाराशी कोणी आले की टाइपरायटरवर इस्त्रीचे कपडे टाकून त्या तो झाकत. १९५० मध्ये त्यांचे पुस्तक आले, त्यांच्याशी लोक फटकून वागू लागले, तरी त्यांनी चर्च सोडले नाही आणि चर्चनेही त्यांना काढले नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी वापरलेला पुष्कळसा पुरावा पंथाच्या आतूनच आला होता. नोंदी ठेवणे हे या पंथात आरंभापासून धर्मकर्तव्य मानले जाते, म्हणून साध्या शेतकऱ्यांनीही दैनंदिन्या लिहिल्या आणि त्या घरोघरी जपल्या गेल्या. जो समाज इतके लिहून ठेवतो, त्याच्यात कधी ना कधी ते वाचणारा निघणारच.

उत्तर २ – सदरकर

ग्रंथपालांचे म्हणणे मान्य आहे, परंतु चित्र इतके सुखाचे रंगवू नये. १९६६ मध्ये स्टॅनफर्डच्या परिसरात काही श्रद्धावान मॉर्मनांनी ‘डायलॉग’ हे स्वतंत्र नियतकालिक काढले. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारण्याच्या प्रथेचा मागोवा घेणारा लेस्टर बुश या डॉक्टरचा दीर्घ लेख १९७३ मध्ये त्यातच आला, आणि १९७८ मध्ये चर्चने ती बंदी उठवली. त्या निर्णयाचे श्रेय एकट्या लेखाला देणे धाडसाचे होईल, पण प्रथेचा उगम संशयास्पद आहे हे आता छापून आले होते. याच काळात, १९७२ मध्ये, लेनर्ड अॅरिंग्टन हे प्रशिक्षित इतिहासकार चर्चचे अधिकृत इतिहासकार झाले. दहा वर्षांत मात्र तो प्रयोग गुंडाळला गेला. सप्टेंबर १९९३ मध्ये तर सहा अभ्यासकांवर आणि लेखकांवर कारवाई झाली. त्यांपैकी पाच जणांना बहिष्कृत करण्यात आले. तेव्हा ब्रुक्स टिकल्या म्हणून सगळेच टिकतात, असे आपल्या श्रोत्यांना सांगू नका.

उत्तर ३ – ऋद्धपूरची वाट

माझी आजी महानुभाव घरातली, म्हणून हा धागा वाचताना माझे मन सारखे लीळाचरित्राकडे वळते. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि इतर भक्तांकडून चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. दोघांची आठवण जुळली नाही, तर कोणाचा पाठ कोणता हे त्यांनी नोंदवून ठेवले. शंका झाकावी असे त्यांना वाटले नाही, आणि त्यांची भक्ती त्यामुळे उणी झाली असेही कोणी म्हणत नाही. तरीही आपल्याच नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी त्या ग्रंथाचे संपादन केले, तेव्हा पंथातून तीव्र आक्षेप आले. आजी पोथी हातात घेण्यापूर्वी हात धुऊन पदराला पुसत असे, आणि तिच्यासमोर ‘संशोधित आवृत्ती’ हा शब्द उच्चारण्याचे धाडस मला कधीच झाले नाही. त्यामुळे ब्रुक्स यांच्या शेजाऱ्यांनाही मी केवळ दोष देऊ शकत नाही. ज्यांचे आजोबा माउंटन मेडोजच्या त्या रानात होते, त्यांना ते पुस्तक वाचणे कसे जमले असेल, हाही प्रश्न टिपणात घ्यावा.

धरमपेठकर

तिघांचे मनापासून आभार. टिपणाची सुरुवात आता ब्रोडी यांच्याऐवजी नेफाय जॉन्सन यांच्या अंथरुणापासून करीन, १९९३ गाळणार नाही, आणि म्हाइंभटांच्या पाठभेदांची दोन उदाहरणे वाचूनही दाखवीन. ‘ऋद्धपूरची वाट’, ती निवडून द्यायला आपण मदत कराल का?