छत्तिसाव्या वर्षी बी.कॉम.चं पहिलं वर्ष: पुढे नोकरीचं काय?

मांजराकाठ (कळंब, जि. धाराशिव)

२०१०ला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्न झालं, कॉलेज सुटलं. आता मोठा नववीत आहे, मी ३६ची आहे आणि यंदा पुन्हा बी.कॉम.ला नाव घातलंय. तेही पहिल्या वर्षापासून, कारण मधल्या काळात अभ्यासक्रम पार बदलला. घरी पाच एकर सोयाबीन. २०२४ला हमीभाव ४,८९२ होता आणि आम्ही आडतीवर चार हजारांच्या आसपास घातलं. घरात महिन्याचा एक ठरलेला पगार आला पाहिजे, हे तेव्हाच पक्कं केलं.

अभ्यासाची भीती नाही. अकाउंट्स मला तेव्हाही जमायचं, आताही जमायलंय. झोप उडते ती पुढच्या विचाराने. पदवी हातात येईल तेव्हा मी ३९ची असेन. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८. (घरचे कुणबी नोंद शोधायलेत. निघाली तर ४३, पण न सापडलेल्या कागदावर मी हिशेब मांडणार नाही.) बँकेतल्या क्लार्कला २८. अंगणवाडी सेविकेला ३५, ती तर गेलीच. उरलं खाजगी. एकोणचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी मागणाऱ्या बाईला आपल्या मराठवाड्यात कोणी घेतं का? नुसता धीर देऊ नका, खरं सांगा.

वाळूज

ताई, खरं मागितलंत म्हणून लिहितो. मी एमआयडीसीत भरतीच्या कामात आहे. अकाउंट्सच्या नवख्या जागेला आमच्याकडे बावीस-पंचवीसची मुलं येतात. जाहिरातीत वय लिहीत नाहीत, पण चाळिशीच्या जवळचा आणि अनुभव नसलेला बायोडेटा आला की तो बाजूला पडतो. वरचा माणूस तिशीचा असतो, त्याला आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला काम सांगायचा संकोच वाटतो. हा अन्याय आहे. मी चार वेळा बोलून पाहिलं, फरक पडला नाही.

म्हणून माझं मत: पदवीत तीन वर्षं घालवू नका. टॅली आणि जीएसटी सहा महिन्यांत शिकून होतं. एमएस-सीआयटी करा आणि लगेच कुठेतरी बसा. आज ३६ला जे काम मिळेल ते ३९ला मिळेलच असं नाही.

जालना मोंढा

वाळूजच्या दादांशी मी अजिबात सहमत नाही. मोठ्या कंपनीचं ठीक आहे, पण मराठवाड्यात नोकऱ्या काय फक्त कंपन्यांतच आहेत? आमच्याकडे स्टीलवाले, बियाणेवाले, आडते, सगळ्यांचे हिशेब करसल्लागारांच्या ऑफिसात येतात. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २०ला ३बी (कर भरायचं विवरणपत्र). त्या आठवड्यात बँक जुळवणी चुकली नाही आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नीट पडताळलं तर ऑफिसवाला वय विचारत नाही. उलट बावीसची पोरं सहा महिने शिकतात आणि पुण्याला निघून जातात, हीच आमची खरी अडचण. गावातच राहणारी, घरसंसार असलेली, हिशेबात पक्की बाई आम्हाला हवी असते.

आणि पदवी सोडा म्हणणं मला पटत नाही. जी.डी.सी. अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षा पदवीधराला देता येते. ती पास झाली आणि संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव गाठीला असला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नाव लावता येतं. गावोगावी सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था आहेत, प्रत्येकीचं ऑडिट दरवर्षी कायद्यानेच करावं लागतं. बीडकडे मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. हिशेब नीट तपासणारी माणसं या भागाला पाहिजेत. सहा महिन्यांच्या टॅलीवर ते दार उघडत नाही.

लातूर अभ्यासिका

मी वाळूजच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं. स्पर्धा परीक्षेत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. अभ्यासिकेत माझ्या शेजारी अडतिशीला टेकलेली माणसं होती. जाहिरात येते, रखडते, कोर्टात जाते, मध्ये एक वर्ष सरतं आणि वय कोणासाठी थांबत नाही. तुमच्यासारख्यांना "पदवी घ्या, कुठेतरी लागेल" म्हणणारे भरपूर भेटतील. खर्च मात्र त्यांचा होत नाही. तीन वर्षांची फी, एसटीचा पास, पुस्तकं आणि वर त्या वर्षांत न कमावलेला पैसा, हे सगळं धरून बेरीज करा. सोयाबीनच्या घरात ती बेरीज लहान नसते.

नांदेडकर सर

लातूरच्या मित्राचा अनुभव खरा आहे, पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. स्पर्धा परीक्षेत वर्षं गेली तर हातात काही उरत नाही. पदवीची वर्षं हातात पदवी ठेवून जातात. शिवाय ताईंनी राज्यसेवेचं नाव स्वतःच खोडलेलं आहे, मग ती भीती त्यांना कशाला घालायची?

मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. संसार सांभाळून आलेल्या बाया वर्गात असल्या की वर्गाची पातळी वाढते. घसारा, म्हणजे वापराने घटत जाणारी किंमत, काय असते हे ज्यांनी कर्जावर ट्रॅक्टर घेऊन फेडलाय त्यांना उदाहरण द्यावं लागत नाही.

मात्र ताई, रोज कॉलेजला जायलाच पाहिजे का, याचा विचार करा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून हेच काम करतंय. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरायची, असं यूजीसीने स्पष्ट केलंय. अभ्यास घरी, संपर्कवर्ग सुट्टीच्या दिवशी. दिवस मोकळा राहतो, त्यात काम करता येतं. एक गोष्ट मात्र करू नका. बी.कॉम. झाल्यावर कोणी बी.एड. सुचवेल. तो २०१५पासून दोन वर्षांचा आहे, पुढे परीक्षा वेगळ्या, आणि संस्थाचालक जागेसाठी काय मागतात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. तिकडे वळू नका.

वाळूज

सर, मुक्तचा मुद्दा मान्य. कामाबरोबर पदवी होत असेल तर माझा विरोध नाही. नुसत्या पदवीवर विसंबून तीन वर्षं घरी बसण्याला माझा विरोध आहे आणि तो कायम आहे. जालन्याच्या दादांनी एक सांगावं: त्या ऑफिसांत सुरुवातीला पगार काय देतात? आठ-दहा हजारांवर राबवून घेणारी ऑफिसं मला माहीत आहेत. ताईंना घर चालवायचंय.

जालना मोंढा

सुरुवातीला तेवढेच, खोटं बोलणार नाही. तालुक्याला त्याहून कमी. पण विवरणपत्रं स्वतः भरायला लागलं की दोन-तीन वर्षांत छोटे दुकानदार थेट घरी कागद आणून देतात. आमच्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या दोघी आज तसंच करतात. कंपनीत तुम्हाला कोणी काढू शकतं. तिथे गिऱ्हाईक टिकवणं तुमच्या हातात असतं.

लातूर अभ्यासिका

तालुक्याला किती दुकानदार पैसे देऊन विवरणपत्र भरून घेतात? उधारी किती राहते? हेही सांगा. ताई ज्या ठरलेल्या पगाराबद्दल बोलायल्यात, तो हा नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचं वाचलं, घरी मालकांनाही वाचून दाखवलं. लातूरच्या दादांचा शेवटचा मुद्दा मला टोचतो, कारण तो खरा आहे. उधारी काय असते ते आडतीवर मीही पाहते.

तरी पदवी सोडायची नाही. दुसऱ्यांदा सोडली तर तिसऱ्यांदा कोणी घालणार नाही. यंदाची फी भरून झालीय, म्हणून हे वर्ष कॉलेजातच काढते, पुढे मुक्तला बदलून घेता येतं का ते विचारते. कळंबमध्ये एका करसल्लागारांकडे दुपारच्या वेळेला बसायचं बोलणं झालंय. दिवाळीनंतर या म्हणालेत, पैशाचं अजून काही बोलले नाहीत. ते मी आधी विचारणार आहे.

जालन्याच्या दादा, त्या लेखापरीक्षणाच्या तीन वर्षांत करसल्लागाराकडचं काम धरतात का, की संस्थांच्या ऑडिटचंच लागतं? ऑडिटचंच लागत असेल तर पहिल्या दिवसापासून तसं ऑफिस शोधते.

जालना मोंढा

संस्थांच्याच ऑडिटचं लागतं. त्या करसल्लागारांकडे सोसायट्यांचं काम आहे का, हे पगाराच्या आधी विचारा. नसेल तर धाराशिव किंवा बार्शीला सनदी लेखापालांकडे चौकशी करा.