सेकंड-हँड गाडीचा एअरबॅग रिकॉल, सर्व्हिस सेंटर पैसे मागतंय

कुडाळकर
नमस्कार मंडळी. माझी 2013 ची हॅचबॅक, चार वर्षांपूर्वी पुण्यातून सेकंड-हँड घेतलेली. परवा आधीच्या मालकाचा फोन आला. त्याच्या पत्त्यावर कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे सदोष भाग बदलायला गाडी परत बोलावल्याचं पत्र आलंय: ड्रायव्हरच्या शेजारच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलून घ्या. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो, ती त्याच सीटवर बसते. काल रात्री झोप लागली नाही.

कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला तर 'नोंद नाही'. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, आधी सर्व्हिसिंग करा, मग बघू, आणि तुम्ही दुसरे मालक, लेबर पडेल. खरंच पडतं का?

पेन्सिलप्रिंट
नंबर परत टाकून बघा. 17 अक्षरी चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, गोल दिसतं ते शून्य. माझ्या आरसीवरची छपाई पुसट, मी आठवडाभर ओ टाकत होतो. शंका राहिली तर गाडीवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तसा ठसा घ्या. आकडे स्वच्छ उमटतात.

वर्कशॉपवाले काका
कुडाळकर, एक रुपया देऊ नका. मी 31 वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. रिकॉल गाडीच्या चेसिस नंबरावर असतो, मालकाच्या नावावर नाही. पार्ट आणि लेबर दोन्ही कंपनी भरते, सर्व्हिसिंगचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता भीतीबद्दल. इन्फ्लेटर म्हणजे एअरबॅगमागची लोखंडी डबी, आत स्फोटक गोळ्या. ताकाता या जपानी कंपनीने त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता लागली की ते खराब होतं, मग अपघातात गरजेपेक्षा जोरात पेटतं. डबीच फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या गळ्या-चेहऱ्यावर येतात. एकट्या अमेरिकेत 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले, आणि 2017 साली कंपनीचं दिवाळं निघालं. तुमच्या डबीत काय आहे ते पत्रावरून कळणार नाही, पण कोकणची हवा दमट, गाडी दहा वर्षांवरची. चालढकल नको. पार्ट येईपर्यंत आईला मागे बसवा आणि मागेही पट्टा लावा.

रिकॉलचा कायदा आपल्याकडे आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-अ कलम आलं, नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. तुमचा दावा कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या रिकॉलवर आहे, तेच काउंटरवर सांगा. नाही ऐकलं तर तिथूनच कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावा आणि तक्रार क्रमांक घ्या. काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलचं काम लिहून घ्या, बिल शून्य असलं पाहिजे. ते कार्ड आरसीसोबत ठेवा, पुढे गाडी विकलीत तर नव्या मालकाला द्या.

कुडाळकर
चेसिस नंबरात ओ नव्हे, शून्यच होतं! नंबर लगेच लागला, गाडी यादीत आहे. कस्टमर केअरने माझा पत्ता आणि मोबाइल नोंदवला, पुढचं पत्र आता पुण्याला जाणार नाही. पार्ट मागवलाय, गुरुवारी सकाळी दहाची वेळ दिली, पैशांचा विषय कोणी काढला नाही. आज आईला मागे बसवून नेलं. तिला पुढचा रस्ता दिसत नाही म्हणून ती कुरकुरत होती, पण पट्टा लावला.