मदत हवी आहे: लेकीसाठी क्रोशाची सदाफुलीची पर्स, चकती सपाट न राहता वाटीसारखी होते

नमस्कार. माझी लेक पाच वर्षांची आहे. येत्या संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत, माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचे पहिले बोरन्हाण आमच्याकडे साताऱ्याला होणार आहे. गेल्या वर्षी शेजारच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, हलवा आणि गोळ्या लेकीने परकराच्या ओच्यात गोळा केल्या होत्या, पण उठताना सगळे सांडले आणि मोठ्या मुलांनी ते क्षणात वेचून नेले. त्या दिवसापासून तिला स्वतःची पर्स हवी आहे आणि ती फुलाचीच हवी आहे. फूलही तिने ठरवून टाकले आहे: अंगणातली गुलाबी सदाफुली, जिच्या मध्यभागी गडद डोळा असतो. काळ्या परकर-पोलक्यावर तो गुलाबी रंग खुलून दिसेल, म्हणून मीही मनापासून तयार झाले.

मला क्रोशाची साखळी, मुका खांब आणि खांब एवढे येते. नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते: सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा, त्याला मी मुका खांब म्हणते, सुईवर आधी एक वेढा घेऊन, मग टाक्यात जाऊन, दोन-दोन वेढ्यांतून दोनदा काढायचा, त्याला खांब म्हणते. हे सगळे मी अमेरिकेतल्या एका बाईंचे व्हिडिओ पाहून शिकले. पर्सची कृती मात्र छापील आहे. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते, तिने तिथल्या लोकरीच्या दुकानात मिळालेले पत्रक भाचीसाठी पाठवले आहे. दोरा आठ पदरी सुती आहे, फिका गुलाबी आणि गडद गुलाबी असे ५० ग्रॅमचे दोन गुंडे आहेत आणि सुई ३ मिलीमीटरची आहे.

पत्रकात म्हटले आहे की मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात) ६ डबल क्रोशे घालावेत, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन घालून १२ करावेत आणि पुढे प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवत १२ व्या फेरीला ७२ टाक्यांपर्यंत जावे. तेव्हा चकतीचा व्यास १२ सेंटीमीटर होतो. त्यानंतर सहा पाकळ्या घालायच्या आहेत. मी नेमके तसेच केले. डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, हे व्हिडिओवरून पक्के माहीत होते. चौथ्या फेरीपासून कडा वर यायला लागल्या आणि सातव्या फेरीला सरळसरळ वाटी झाली. आश्चर्य म्हणजे मध्यापासून काठापर्यंत टेप लावली तर सातव्याच फेरीला ७ सेंटीमीटर भरतात, म्हणजे पत्रकातल्या पूर्ण चकतीच्या त्रिज्येपेक्षाही जास्त.

माझा हात घट्ट असेल असे वाटून मी सगळे उसवले आणि ३.५ च्या सुईने सैल हाताने पुन्हा केले, तरी वाटीच झाली. मग ओल्या कापडावरून इस्त्री केली आणि रात्रभर पाटाखाली दाबून ठेवले. सकाळी तासभर सपाट राहिली आणि पुन्हा उठली. टाके मी प्रत्येक फेरीला दोनदा मोजले आहेत, त्यात चूक नाही. तिसरी वाटी लेकीने बाहुलीला टोपी म्हणून घातली आहे आणि ती तिला इतकी चपखल बसली आहे की आता ती उसवू देत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. चकती सपाट राहण्यासाठी नेमके काय बदलावे? सदाफुलीला पाच पाकळ्या असतात आणि लेक सहाव्या पाकळीला अजिबात तयार नाही, तर ७२ टाक्यांचे पाच समान भाग कसे करावेत? आणि पर्सचे तोंड व बंद कसे करावेत, म्हणजे हलव्याचे दाणे बाहेर पडणार नाहीत आणि बंद ओघळून गुडघ्यापर्यंत येणार नाही?

प्रतिसाद

ताई, आपला हातही बरोबर आहे आणि मोजणीही बरोबर आहे. घोळ नावांचा आहे. आपले पत्रक इंग्लंडचे आहे आणि ब्रिटिश पद्धतीत ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्यालाच अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब. आपण ज्याला खांब म्हणता त्याचे अमेरिकी नाव डबल क्रोशे आणि ब्रिटिश नाव ट्रेबल. पत्रकात सिंगल क्रोशे हा शब्द कुठेच नसेल आणि ट्रेबल मात्र असेल, तर कृती ब्रिटिश आहे असे समजून चालायला हरकत नाही. पाकळ्यांच्या भागात ट्रेबल सापडतो का, ते एकदा पाहावे.

यामुळे वाटी का होते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते एकदा कळले की कुठलीही गोल वस्तू पत्रकाशिवाय करता येते. वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या साधारण ६.२८ पट परीघ वाढतो. मुका खांब उंचीला आणि रुंदीला जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे एक फेरी वाढली की परिघाला सहा-सव्वासहा टाके जास्त लागतात आणि म्हणूनच ६ ची वाढ पुरते. खांब मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच असतो, पण रुंदीला तेवढाच. त्यामुळे खांबाच्या चकतीला १२ टाक्यांनी सुरुवात करून प्रत्येक फेरीत १२ वाढवावे लागतात. आपण उंची खांबाची घेतली आणि वाढ मुक्या खांबाची दिली, म्हणून काठाला परीघ कमी पडला आणि तो वर उठला. उलट चूक झाली असती, म्हणजे मुक्या खांबाला १२ ची वाढ दिली असती, तर काठाला झालर पडली असती.

पर्ससाठी मुका खांबच घ्यावा, कारण त्याची वीण दाट बसते आणि लहान बोटे त्यात अडकत नाहीत. एक काळजी मात्र घ्यावी: प्रत्येक फेरीतली वाढ आधीच्या वाढीच्या डोक्यावरच आली तर चकती गोल न राहता षटकोनी दिसते. म्हणून एका फेरीत वाढ सुरुवातीला घ्यावी आणि पुढच्या फेरीत दोन वाढींच्या मधल्या टाक्यांवर सरकवावी. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला की दोनदा मोजावे लागत नाही.

प्रतिसाद

पाच पाकळ्यांचा हट्ट मला फार आवडला. मुलीने फूल नीट पाहिले आहे, तेव्हा तिचे ऐकावेच. ७२ ला पाचाने भाग जात नाही, पण ७५ ला जातो. १२ फेऱ्या झाल्यावर १३ व्या फेरीत दर २४ टाक्यांनी फक्त एक वाढ घ्यावी, म्हणजे तीनच टाके वाढून ७५ होतात आणि एका पाकळीला १५ टाके येतात. एका फेरीत सहाऐवजी तीन वाढवल्याने सपाटपणा बिघडत नाही. पहिल्या तीन फेऱ्या गडद गुलाबी आणि पुढे फिका, असा डोळा विणूनच करावा. वरून मणी किंवा बटण चिकटवू नये, कारण बोरन्हाणाला रांगती बाळेही असतात आणि सुटलेला मणी आधी त्यांच्या तोंडात जातो.

पाकळी अशी घालावी: १५ पैकी पहिल्या टाक्यात स्लिप स्टिच (दोरा टाक्यातून आणि सुईवरच्या वेढ्यातून एकदम काढायचा), दुसऱ्यात मुका खांब, तिसऱ्यात अर्धा खांब (खांबासारखी सुरुवात करून दोरा सुईवरच्या तिन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा), मधल्या नऊ टाक्यांत खांब, पण एकाआड एका टाक्यात दोन-दोन, आणि मग उतरत्या क्रमाने अर्धा खांब, मुका खांब, स्लिप स्टिच. पाकळी आणखी मोठी हवी असेल तर मधल्या नऊ टाक्यांत खांबाऐवजी सुईवर दोन वेढे घेऊन होणारा लांब खांब घालावा. सदाफुलीची पाकळी टोकाला निमुळती नसते, रुंद आणि किंचित सपाट असते, त्यामुळे मध्यावर टोक काढायचा मोह टाळावा.

आता मागच्या बाजूचे सांगते. दोन सपाट चकत्या जोडल्या तर पर्स पोळीसारखी होते आणि मूठभर बोरे घातली की फुगून वेडीवाकडी दिसते. म्हणून मागची चकतीही ७५ टाक्यांपर्यंत न्यावी आणि त्यापुढे चार फेऱ्या एकही वाढ न घेता विणाव्यात. त्यांतली पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून घेतली की कड तिथे सुबक मुडपते. आपल्याला नको असताना जी वाटी होत होती तीच इथे मुद्दाम करायची आहे. त्यामुळे दोन सेंटीमीटर खोली मिळते आणि टाके ७५ च राहिल्याने पुढची चकती टाक्याला टाका लावून जोडता येते.

प्रतिसाद

मी शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी अशा पर्स करून देते, म्हणून तोंडाबद्दल आणि बंदाबद्दल लिहिते. ७५ पैकी ४५ टाके दोन्ही भागांतून एकत्र मुका खांब घालून जोडावेत आणि ३० टाके, म्हणजे दोन पाकळ्यांची जागा, वरच्या बाजूला उघडी ठेवावी. तुमच्या मापाने ती साधारण १५ सेंटीमीटर येईल आणि तिथे ६ इंची चेन बरोबर बसते. खालच्या तीन पाकळ्या दोन्ही थरांवर घालाव्यात, तर वरच्या दोन फक्त पुढच्या चकतीवर घालाव्यात. त्या चेन झाकतात आणि समोरून फूल अखंड दिसते. चेन मशीनवर लावू नये, वीण ताणली जाऊन लाटा पडतात. आधी कच्चा धावदोरा घालून मग हाताची टीप घालावी.

अस्तराशिवाय ही पर्स देऊ नये. मुका खांब कितीही दाट घातला तरी हलव्याचा दाणा आणि मुलांचे बोट वाट काढतेच. आजीच्या जुन्या सुती साडीचा किंवा खणाचा तुकडा चालतो. चकती कागदावर ठेवून आखावी आणि शिलाईसाठी चहूबाजूंनी एक सेंटीमीटर जास्त कापावे. मात्र त्याआधी गडद गुलाबी दोऱ्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून पाहावा. रंग जात असेल तर तो दोरा दोन-तीनदा धुऊन वाळवल्यावरच विणायला घ्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यात फिक्या पाकळ्या डागाळतात.

क्रोशाचा बंद वजनाने लांबतो, त्याला सुईचा नंबर बदलून फरक पडत नाही. पाच मुक्या खांबांची पट्टी विणून तिच्या मागे सुती नाडी सपाट धरून हाताने शिवावी. मग वजन नाडी पेलते आणि वीण फक्त दिसायला राहते. लांबी मुलीच्या अंगावर मोजावी: एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत आणि परत. यात एक गोष्ट कृपा करून टाळू नका. बंदाचे एक टोक पर्सला कायमचे शिवू नये, तिथे वेल्क्रो किंवा प्रेस बटन लावावे. पर्स घसरगुंडीला किंवा झोपाळ्याच्या कडीला अडकली तर बंद गळ्याशी न आवळता सुटून यायला हवा.

धागा काढणारीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. पत्रक पुन्हा काढून पाहिले. पाकळ्यांच्या परिच्छेदात ट्रेबल हा शब्द चार वेळा आहे आणि सिंगल क्रोशे एकदाही नाही. मुक्या खांबाने काल रात्री १२ फेऱ्या पूर्ण केल्या. चकती टेबलावर ठेवली की पोळपाटावरच्या पोळीसारखी पडून राहते आणि व्यास बारा सेंटीमीटरांहून जेमतेम दोन-तीन मिलीमीटर जास्त भरतो. ७५ चा हिशोबही जमला. गडद दोऱ्याचा रंग खरोखरच गेला, म्हणून तो डोळा उसवून, दोरा धुऊन पुन्हा विणला. नणंदेलाही कळवले आहे, कारण तिच्या सासूबाईंनी याच पत्रकावरून पर्स केली होती आणि माझीच का बिघडते, हे तिलाही उमगत नव्हते.

एक शेवटची अडचण आहे. पाकळ्यांच्या कडेने मी गडद गुलाबी मुक्या खांबांची एक फेरी घातली आणि पाकळ्या आत वळायला लागल्या. ती फेरी काढून टाकावी का?

प्रतिसाद

काढायची गरज नाही, फक्त तीच फेरी ३.५ च्या सुईने पुन्हा घालावी. ३ च्या सुईने कड आवळली गेली आहे. शिवाय पाकळीच्या मधल्या, सर्वांत रुंद भागात दोन ठिकाणी एका टाक्यात दोन मुके खांब घ्यावेत, कारण बाहेरची कड आतल्या ओळीपेक्षा लांब असायलाच हवी. चकतीचा जो नियम तोच इथेही आहे. मग पर्स ओली करून, पाकळ्या जाड टॉवेलवर टाचण्यांनी पसरवून पूर्ण वाळू द्यावी. दोरा सुती असल्यामुळे नंतर ओल्या कापडावरून इस्त्री फिरवली तरी चालेल.

धागा काढणारीचा प्रतिसाद

तसे केले आणि पाकळ्या बसल्या. अस्तर माझ्या सासूबाईंनी त्यांच्या जुन्या खणाच्या चोळीच्या तुकड्याचे शिवून दिले. आज दुपारी लेकीने पर्समध्ये दोन मुठी चुरमुरे आणि थोडे तीळ भरले, चेन लावली, उलटी करून जोरजोरात हलवली आणि जमिनीवर वाकून पाहिले. एकही तीळ पडला नव्हता. बाहुलीची टोपी तिने मला अजूनही उसवू दिलेली नाही.