वैशाखात रसाळ-सुमार-महिपत : अनुभव धागा

खेड तालुक्यातली रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही रांग बरेच जण थंडीत करतात. एप्रिल-मेमध्ये मात्र तिथे दिवसभर चिटपाखरू दिसत नाही. या दिवसांत ही रांग किंवा कोकणातली अशीच आडवाट केलेल्यांनी पाणी, वेळ, वाट, धोके यांबद्दल नेमकं लिहावं. प्रवासवर्णन नको, पुढे जाणाऱ्याच्या उपयोगाचं तेवढंच हवं.

खेडहून
देशावरचा हिशेब इथे लावू नका. तिकडे पायथाच सहा-सातशे मीटरवर असतो. कोकणातून पायथा बराच खाली, त्यात हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पहाटेचा मतलई वारा त्यातल्या त्यात कोरडा, चढ त्यातच उरकायचा. साडेपाचला विजेरी लावून निघा. साडेदहाला गर्द सावली धरा आणि चारपर्यंत हलू नका. पश्चिमेकडच्या उतारावर सकाळी डोंगराची सावली मिळते. दुपारनंतर तोच उतार भाजून काढतो आणि कातळ दिवेलागणीनंतरही धग सोडत राहतो.

रसाळवाडीपर्यंत रस्ता आहे. पहिली रात्र रसाळगडावर झोलाईच्या देवळात आणि दुसरी महिपतगडावर पारेश्वराच्या देवळात काढली की दोन्ही सकाळी हाताशी राहतात. उतरायला वाडी बेलदार.

चिपळूणहून
पाण्याचं सविस्तर लिहितो, कारण फसगत तिथेच होते. नकाशावरचं टाकं म्हणजे पाणी नव्हे. मेमध्ये टाक्यात पाणी असलं तरी तळाला, हिरवं. आदल्या दिवशी वाडीत विचारा, “टाक्यात पानी हाय काय?” आणि शेवटचं कोण कधी वर गेलं होतं तेही विचारा.

माणशी चार लिटर पाठीवर हवं. निघण्याआधी अर्धा लिटर पोटात, तो यात धरायचा नाही. एका मोठ्या पिशवीपेक्षा लिटरच्या चार बाटल्या बऱ्या: एक फुटली तर तीन उरतात, आणि किती संपलं ते दिसतं. दोन बाटल्या संपल्या आणि पुढच्या पाण्याची खात्री नसेल, तर मागे फिरायचं.

टाक्यातलं पाणी दुहेरी सुती फडक्याने गाळून खळखळून उकळा. क्लोरीनची गोळी टाकणार असाल तरी आधी गाळा. गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं की अंगातलं मीठ कमी पडून डोकं दुखतं, मळमळतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालणार असाल तर वेगळं मीठ नको, त्यात असतंच. वाडीची माणसं आणि गुरं ज्या पाण्यावर आहेत, त्यात पाय, भांडी, साबण घालू नका. उन्हाळ्यात तेवढंच असतं त्यांच्याकडे.

दापोलीहून
वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. उन्हाळ्यात गवत वाळतं, कुठे वणव्यात जळतं, आणि एकाच उतारावर समांतर पाच-सहा वाटा उघड्या पडतात. गुरांची वाट आडवी जाते, चढ टाळते, झुडपाखालून कमरेच्या उंचीने शिरते. माणसाची वाट नागमोडी चढते, आणि खांद्याच्या उंचीवर कोयत्याने तोडलेल्या फांद्यांचे खुंट दिसतात. जुना खुंट करडा, यंदाचा पिवळसर. दहा मिनिटं खुंट दिसला नाही तर शेवटच्या खुंटापर्यंत परत या. रानात ऐन-किंजळीच्या पानगळीखाली दगड लपतात, तिथे काठी आधी, पाय मग.

सुमारगडाचा शेवटचा टप्पा घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उताराचा, आणि कातळाचा आहे. एकाने पार केल्यावरच दुसऱ्याने निघायचं. दगड सुटला तर मोठ्याने “दगड!” ओरडायचं. वाळलं गवत ओल्या शेवाळाइतकंच सरकतं. उतरताना पाऊल आडवं टाका. शंका वाटली तर सुमारगड खालूनच पाहा आणि आडव्या वाटेने महिपतकडे निघा.

महाडहून
फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू, दोन्ही दगडाखाली. बसण्याआधी दगड काठीने हलवा, बूट घालण्याआधी झटका. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही विष भिनल्याची लक्षणं. इथल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरून असे कितीतरी रुग्ण वाचवले. पण ते औषध डॉक्टरनेच द्यायचं. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. तो अवयव न हलवता माणसाला उचलून खाली आणा. रेंज मिळेल तिथून १०८.

ऊन लागून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर थकवा समजून पुढे नेऊ नका. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

चिपळूणहून, पुन्हा
दोन गोष्टी राहिल्या. खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात, वाऱ्यानेही कुसं उडतात. पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. कुसं लागली तर चोळू नका; चिकटपट्टी दाबून ओढा, मग धुवा. आणि आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून आल्या वाटेने मागे पळा.

दापोलीहून
मेच्या उत्तरार्धात दुपारी पूर्वेकडे घाटमाथ्यावर काळं दाटलं की वळीव येणार समजा. गडाचा माथा, एकटं झाड, बुरूज सोडून खाली या. वळवानंतर तासभर तरी घसारा उतरू नका, माती साबणासारखी होते.